टेबलाची लांबी विचारणाऱ्या वन्सं

“तुम्हाला स्पॅनिश येतं?”

“नाही.”

“इटालियन?”

“नाही.”

“मग माझ्या मेहुण्याला तुम्ही नापास केलंत ते कोणत्या भाषेत, एवढं तरी कळू द्या.”

“टेबलाच्या,” वन्सं म्हणाल्या.

हे भांडण मी जिन्यात उभी राहून ऐकलं. चोरून ऐकलं असं मात्र म्हणू नका. माझ्या हातात ओल्या चादरींची बादली होती, आणि मधल्या मजल्यावर बादली टेकवून दम खायची माझी रोजची जागा होती. ऑफिसच्या दाराची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला, त्यामुळे आतलं बोलणं आपणहून बाहेर यायचं. एरवी दम खायला मला दोन मिनिटं पुरत. त्या दिवशी चादरी निथळून अर्ध्या वाळल्या तरी माझा दम काही खाऊन होईना.

मालक मोठ्यानं बोलत होते, वन्सं हळू. शेवटी मालकांनी निकाल दिला. आठ दिवसांत दोन्ही भाषा येणारा आणि मोजमाप कळणारा माणूस आणून उभा करा. नाही जमलं, तर नवव्या दिवशी तुमच्या खुर्चीवर माझा मेहुणा बसेल. वन्सं म्हणाल्या, बरं. बाहेर आल्या, मला बघितलं, आणि बादलीची दुसरी बाजू धरून वर आल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. आमच्या मुलांची आत्या, आणि ऑफिसातल्यांची शोधबाई. आमची इमारत तीन मजल्यांची. खाली ह्यांचं शिवणकामाचं दुकान, मधे ते भाषांतराचं ऑफिस, वर आम्ही सगळे. वन्संना नोकरीवर जायला अठरा पायऱ्या उतराव्या लागत. तरी सकाळी केस घट्ट बांधून, बूट पुसून, “येते हं वहिनी” म्हणून अशा निघायच्या की वाटावं, बाईला बोट गाठायची आहे. दुपारी जेवायला वर आल्या की हे विचारायचे, कशी होती वाट? वन्सं सांगायच्या, गर्दी होती. गर्दी म्हणजे मी आणि माझी बादली.

काम त्यांचं सांगायला सोपं, करायला महाकठीण. एका देशात वजनकाटा बनतो, दुसऱ्या देशात विकला जातो. काट्याबरोबर एक पुस्तक जातं: कसा ठेवायचा, कसा पुसायचा, किती चुकला तर चालेल आणि किती चुकला तर परत पाठवायचा. ते पुस्तक स्पॅनिशमधून इटालियनमध्ये करून देईल असा माणूस वन्संनी शोधायचा. काटे, थर्मामीटर, पाण्याचे मीटर, हवेचा दाब सांगणारी घड्याळासारखी यंत्रं, म्हणजे जे जे म्हणून मोजतं त्या सगळ्याची पुस्तकं त्यांच्या टेबलावर येऊन पडायची. मालकांनी कधीतरी ठरवलं होतं की कथा-कादंबऱ्या, कोर्टाचे कागद करणारे ढिगानं आहेत, आपण मोजमापाचंच धरू. डोकं चांगलं चालवलं त्यांनी. फक्त माणसं कुठून आणायची ते वन्संवर सोपवलं. दोन भाषा येणारे पुष्कळ, मोजता येणारेही पुष्कळ. दोन्ही एकाच कोटात बसलेला माणूस मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं.

आता, ज्या बाईला दोन्हीतली एकही भाषा येत नाही तिनं माणूस निवडायचा कसा? इथे वन्संचं माहेर कामाला आलं. माहेर म्हणजे आमचंच खालचं दुकान. माझे सासरे शिंपी, त्यांचे वडीलही शिंपी, आणि वन्सं लहानपणी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत खेळून वाढलेल्या. सासरे म्हणायचे, गिऱ्हाईक कापड निवडताना कळत नाही, माप देताना कळतं. पोट आत ओढून माप देणाऱ्याचा कोट दोन बोटं सैल शिवायचा, कारण तो स्वतःशीच खोटं बोलतोय. वन्संनी हे उलटं करून घेतलं. माणूस माप देताना कळतो, तसा माप घेतानाही कळतो.

म्हणून नवा भाषांतरकार आला की त्या त्याला खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या, आणि चहा अर्धा झाला की ह्यांच्या गळ्यातून मागून आणलेला टेप पुढे करायच्या. म्हणायच्या, जरा या टेबलाची लांबी सांगता का? तेवढा वेळ हे खाली दुकानात मोकळ्या गळ्यानं बसायचे आणि आल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, थांबा, वर परीक्षा चालू आहे.

काही लोक हसत. काही टेपला हातही न लावता सांगत, असेल चार फूट. काही घाईनं टेप टाकत, एकशे वीस म्हणत आणि चहाकडे वळत. आणि वर्षातून एखादा असा यायचा, तो आधी टेबलाची कड चाचपायचा, टेपचं टोक कुठे धरायचं ते बघायचा, दोनदा मोजायचा, आणि मग विचारायचा, किती बारीक पाहिजे? त्याचं कार्ड व्हायचं. वन्संच्या कार्डांवर पदव्या नसत. मी झाडताना वाचलीत ना. ‘दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा गप्प झाला. घ्यावा.’ ‘टेबलाची फार तारीफ केली. नको.’ शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. एकदा मी विचारलं, पण वन्सं, भाषा येते की नाही हे कसं कळतं तुम्हाला? तर म्हणाल्या, भाषा तपासायला ऑफिसात दोघं आहेत, वहिनी. चुकायची भीती वाटते की नाही, ते कोण तपासणार?

मालकांचा मेहुणा या परीक्षेला बसला तेव्हाही मी जिन्यात होते. माणूस देखणा, रुमालाला अत्तर, दोन्ही भाषा त्याच्या तोंडून नळ सोडल्यासारख्या वाहायच्या. त्यानं टेप बाजूला सारला, दोन्ही हात पसरून टेबलावर आडवा झाला आणि म्हणाला, समोरासमोर बसून दोन माणसांना एकमेकांचा हात धरता येईल एवढं. वन्सं हसल्या. मग कार्डावर लिहिलं: ‘माणूस गोड. माप नाही.’

मालकांनी तरीही त्यालाच काम दिलं. मालक वाईट नव्हते, पण घरी बायको तिच्या भावाचं नाव काढायची आणि ऑफिसात वन्सं कार्ड दाखवायच्या. दोन मशीनांमधे सापडलेल्या कापडासारखी गत झाली होती बिचाऱ्यांची. काम होतं बाळंतिणींच्या दवाखान्यात ठेवायच्या काट्याचं, तान्ह्या पोरांची वजनं करायच्या. कारखाना मोठा, हे पुस्तक नीट झालं तर पुढची सगळी येणार होती. मेहुण्यानं पहिली वीस पानं करून आणली. वन्संना वाचता येईना, पण आकडे सगळ्या जगात आकडेच. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि दोन हातांची दोन बोटं एकेका आकड्यावरून खाली आणली. अकरा ठिकाणी बोटं अडली. मुळात वीस, मग स्वल्पविरामासारखी खूण (ते लोक दशांशाच्या टिंबाच्या जागी तीच टाकतात म्हणे) आणि पुढे शून्य. मेहुण्याच्या कागदावर नुसतं वीस. त्याला विचारलं तर म्हणाला, अहो, ते शून्य म्हणजे सदऱ्याची बाहेर आलेली शेपटी. चांगल्या लिहिण्यात नको ते कापतात.

त्यावरूनच ते सकाळचं भांडण. मालक म्हणत होते, वीस म्हणजे वीस. आणि वन्सं काय म्हणाल्या ते मला आजही तोंडपाठ आहे.

“नुसतं वीस म्हणजे लांबून बघितलं, वीसच्या आसपास दिसतंय. पुढे शून्य असलं म्हणजे कुणीतरी जवळ जाऊन, वाकून बघितलंय, आणि तरी वीसच निघालंय. तान्ह्या पोराचं वजन आहे, मालक. मी लांबून बघू देणार नाही.”

मग सुरू झाले ते आठ दिवस. वन्संनी कार्डांची पेटी पालथी घातली. जुनी माणसं कुणी गाव सोडून गेलेलं, कुणी दुसऱ्या कामात बुडालेलं. मग त्या पायाला भिंगरी लावून शहरभर हिंडल्या. टेप सोबत, त्यामुळे ह्यांचं दुकान जवळजवळ बंदच. एका हॉटेलातला वाढपी भेटला, दोन्ही भाषांत पटापट बोलणारा, पण त्यानं टेप उलट्या टोकानं धरला आणि टेबल तीस सेंटीमीटर भरलं. एक निवृत्त मास्तर भेटले. त्यांनी मोजलं झकास, पण मोजता मोजता वन्संनाच प्रश्न विचारायला लागले आणि उत्तर चुकलं म्हणून रागावले. एक जमिनी मोजणारा भेटला. त्यानं टेबल असं मोजलं की वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इटालियनमधलं एका गाण्याचं धृपद तेवढं येत होतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी त्या घरी आल्या आणि बूट न काढता खुर्चीत बसल्या. मी समजले. त्यांनी सांगितलं की टेबलाचा खालचा खण आवरून ठेवलाय, उगाच नवव्या दिवशी घाई नको. बावीस वर्षं त्या खणात त्यांची दुपारची चप्पल असायची. हे म्हणाले, जाऊ दे, खाली दुकानात बस, काजं कर. वन्सं म्हणाल्या, दादा, माझी काजं तू बघितलीयस. हे म्हणाले, म्हणूनच म्हणतो, अजून दोन दिवस आहेत, शोध.

जेवताना ह्यांनी विषय बदलायचा म्हणून स्वतःचं गाऱ्हाणं काढलं. गाऱ्हाणं नेहमीचं, अर्धबोट्यांचं. अर्धबोटे म्हणजे एक उंच, काटकुळे म्हातारे गृहस्थ, नदीपलीकडे राहायचे. त्यांचं खरं नाव पावतीवर असेल, पण ह्यांनी त्यांना अर्धबोटे करून टाकलं होतं, कारण शिवलेला प्रत्येक कोट ते परत आणायचे आणि एकच सांगायचे, बाही अर्धं बोट आखूड आहे. हा कोट चौथ्यांदा परत आला होता. ह्यांनी उसवून पुन्हा शिवला, पुन्हा तेच. त्या दिवशी हे भडकले. माझ्या वडिलांच्या कोटांत अर्धं शहर लग्नाला उभं राहिलं, कुणाची बाही आखूड झाली नाही, तुमचाच हात रोज वाढतो का, असं त्यांना तोंडावर म्हणाले, आणि वर सांगितलं की पुन्हा या पायरीवर चढू नका. म्हातारे कोट तिथेच टेबलावर ठेवून निघून गेले.

मी म्हटलं, फार वाईट केलंत, एकटा माणूस आहे. आणि माप घेताना किती शहाण्यासारखा उभा राहतो, तुमच्याबरोबर स्वतःच्या भाषेत आकडे मोजतो.

वन्संचा घास हातातच राहिला. “कुठल्या भाषेत, वहिनी?”

मी पडद्यामागे बसून बटणं लावत असते, तिथून सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा ह्यांना शिव्या देतोय. म्हणून एकदा सरळ विचारलं होतं. ते म्हणाले होते, बाई, मोजताना माझ्या आईची भाषा निघते आणि लिहिताना कारखान्याची. आई त्यांची स्पॅनिश. आणि कारखाना पाण्याच्या मीटरांचा, तिथे मीटर तपासायच्या खोलीत बत्तीस वर्षं काढलेली, आणि तिथला सगळा कारभार इटालियन.

वन्संनी घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, हे तू मला आज सांगतेस? मी म्हटलं, मला कुणी विचारलंय का कधी? खरंच होतं ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा दिवस ही बाई शहर पालथं घालत होती आणि तिचा माणूस महिन्यातून दोनदा तिच्या पायाखालच्या मजल्यावर हात पसरून उभा राहत होता.

आता अडचण एकच. त्याला बोलवायचं कुणी?

“दादा, एक माफी माग.”

“तो नुसता कोट नाही, माझी अब्रू आहे.”

“आणि ती नुसती खुर्ची नाही, दादा.”

ह्यांनी ताटातलं सगळं संपवलं, पाणी प्यायले, हात धुतले, मग पुन्हा पाणी प्यायले. सकाळी मी उठले तर हे आंघोळ करून तयार, कोट इस्त्री करून हातावर टाकलेला. जाता जाता म्हणाले, माफी मागणार नाही, कोट द्यायला चाललोय. काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण नऊ वाजता दोघे बरोबर आले, आणि कोट म्हाताऱ्यांच्या अंगात होता. बाही, खरं सांगायचं तर, आखूडच दिसत होती. मी इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं.

परीक्षेला त्या दिवशी सभा भरली. मालक होते, मेहुणा होता, हे वर आले होते कारण त्यांना म्हातारा नापास झालेला बघायचा होता, आणि मी बादली घेऊन होते, रिकामी. वन्संनी चहा दिला. चहा अर्धा झाला. ह्यांनी गळ्यातला टेप काढून दिला आणि वन्संनी विचारलं, या टेबलाची लांबी सांगता का?

अर्धबोट्यांनी टेप हातात घेतला, बोटांत फिरवला, आणि विचारलं, “कशासाठी?”

असं कुणी विचारलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, म्हणजे?

“वर मेणकापड घालायचं असेल तर हा टेप चालेल. काच बसवायची असेल तर नाही चालणार. हा ताणलेला आहे.”

खिशातून त्यांनी एक पोलादी पट्टी काढली. घडीची होती, उलगडत गेली तसतशी लांब झाली. टेबलावर ती ठेवली आणि शेजारी टेप सरळ अंथरला, न ओढता. सुरुवातीला दोन्ही रेघा जुळल्या. मग टेप हळूहळू पुढे सरकायला लागला. एका बाहीची लांबी भरली तिथे टेप साठ दाखवत होता, आणि पट्टीवर साठाच्या पुढे अर्धं बोट गेलं होतं.

हे टेप उचलून खाली गेले. आम्हाला दुकानातली लाकडी पट्टी टेबलावर आपटल्याचा आवाज आला. वर आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. प्रकार असा होता की हे गिऱ्हाइकाचं माप घ्यायचे टेपनं आणि कापड कापायचे लाकडी पट्टीनं, वडिलांची तीच पद्धत होती. लाकूड होतं तसंच राहिलं. टेप मात्र वर्षानुवर्षं गळ्यात लोंबून, ओढून ओढून लांबला. खरा हात साठाहून अर्धं बोट जास्त, टेप म्हणणार साठ, आणि लाकडी पट्टी खरं साठ कापणार. सगळ्यांच्याच बाह्या अर्धं बोट आखूड. अठरा वर्षांचा टेप तो. म्हणजे इतकी वर्षं अख्खी गल्ली मनगटं उघडी टाकून हिंडत होती आणि तीच फॅशन समजत होती.

पहिल्या हसल्या त्या वन्सं. त्या हसल्या कारण त्यांनीही इतकी वर्षं याच खोट्या टेपनं जगाची परीक्षा घेतली होती, कित्येकांना नापास केलं होतं, आणि परीक्षेचं माप मात्र कधी तपासलं नव्हतं. हसून हसून त्यांना बसावं लागलं. मग मेहुणा हसला, मग मालक. शेवटी हे पण. अर्धबोटे तेवढे हसले नाहीत. ते विचारत होते की मग टेबल मोजायचं आहे की नाही.

मालकांनी ती वीस पानं आणि मूळ पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. म्हाताऱ्यांनी शिसपेन्सिल मागितली आणि वाचायला बसले. दुपारपर्यंत अकराही ठिकाणी ठिपके पडले. मग एक बारावा पडला. तो वन्संच्या बोटांना सापडला नव्हता, कारण ते शून्य चित्रात होतं, आणि चित्राकडे बघायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वन्संनी मान खाली घातली. पण म्हाताऱ्यांचं संपलं नव्हतं. ते म्हणाले, मूळ पुस्तकातच गडबड आहे. काटा किती चुकला तर चालेल ते सातव्या पानावर एक लिहिलंय, एकोणिसाव्यावर दुसरं. दोन्ही खरी असू शकत नाहीत. कारखान्याला विचारा.

मालक नको म्हणत होते. एवढ्या मोठ्या कारखान्याला त्यांची चूक कशी सांगायची? वन्संनी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. आठव्या दिवशी दुपारी कारखान्याचा फोन उलटा आला. एकोणिसावं पान चुकलं होतं. तीन देशांत ते पुस्तक गेलं होतं आणि कुणीच विचारलं नव्हतं. आता पुढची सगळी पुस्तकं याच ऑफिसला, आणि ज्यानं विचारलं त्याच माणसाकडून.

मालकांनी फोन ठेवला आणि ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, “शोधबाई, खण लावून टाका परत.” खण आवरल्याचं त्यांना कुणी सांगितलं ते विचारू नका. मी कुणाला काही बोलत नाही.

मेहुण्याचं काय झालं म्हणाल, तर त्याचंही चांगलंच झालं. अर्धबोट्यांचे आकडे सोन्यासारखे, पण वाक्यं अशी की वाळलेली फळकुटं. दवाखान्यातली परिचारिका वाचता वाचता झोपेल. वन्संनी दोघांना एका टेबलाला बसवलं. म्हातारा मोजायचा, मेहुणा बोलायचा. पुढली किती वर्षं ते दोघे एका ओळीवरून भांडत बसायचे आणि चहा गार करायचे. मेहुणा शेवटी इतका सुधारला की साखर किती विचारलं तर सांगायचा, दीड चमचा, पुढे शून्य.

ह्यांनी नवा टेप आणला आणि गल्लीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून बाह्या सोडून दिल्या. निम्मी माणसं नको म्हणाली, त्यांना मनगट उघडं ठेवायची सवय झाली होती. आणि मालकांनी त्या दिवसाच्या आनंदात ऑफिसच्या दाराला नवी काच बसवून घेतली. त्यात माझं नुकसान झालं.

वन्संचं आणि अर्धबोट्यांचं काही जमेल असं मला बरेच दिवस वाटायचं. दर रविवारी ते यायचे, दोघे बाकावर बसून बोलायचे, आणि वन्संनी त्यांच्यासाठी चांगला कप काढलेला असायचा. एकदा हिंमत करून विचारलंच. वन्सं म्हणाल्या, वहिनी, माणूस लाखात एक आहे, पण रोज सकाळी माझी उंची तपासेल. तरी कप त्या स्वतःच धुवायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत.

अशी तेवीस वर्षं गेली. अर्धबोट्यांची नजर धुरकट झाली, तसं त्यांनीच सांगितलं, आता माझ्या जागी कुणीतरी बघा, मला शेवटचा आकडा दिसत नाही. वन्सं तेव्हा सत्तरीच्या पुढे, ऑफिसात आठवड्याचे तीन दिवस जायच्या. त्यांनी दोन महिने शोधलं आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर, थर्मामीटर दुरुस्त करणाऱ्या एका बाईला शोधून काढलं. तिच्याबद्दल इतक्या खूश होत्या की जेवताना तिचंच कौतुक. ह्यांना सांगत होत्या, दादा, मी प्रश्न विचारायच्या आधी तिनं मला आठ प्रश्न विचारले.

त्या बाईला पहिलं काम पाठवायचं होतं, ते वन्संनी गुरुवारी पाठवलं. शुक्रवारी सकाळी त्या उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या, चेहरा शांत, जसा जेवण झाल्यावर असायचा. आम्ही रडलो, मग त्यांच्या गोष्टी काढून हसलो. अर्धबोटे येऊन बाकावर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. पण मला सांगायचाय तो गुरुवार.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, मला बाजारातून दोरा आणि बटणं आणायची होती. वन्संनी केस बांधले, बूट पुसले, पाकीट पिशवीत घातलं. पाकिटावर पत्ता आदल्या दिवशीच लिहिलेला, तरी निघताना पुन्हा वाचला. रस्त्यात त्या भरभर चालत होत्या, मीच मागे पडले. पोस्टात रांग होती. त्या उभ्या राहिल्या, पुढच्या माणसाला त्याचा अर्ज उलटा धरलाय म्हणून सांगितलं, मला दोऱ्याचा रंग नीट बघून घे म्हणून बजावलं. त्यांचा नंबर आल्यावर खिडकीतल्या कारकुनानं पाकीट काट्यावर ठेवलं आणि न सांगता काटा त्यांच्या बाजूला फिरवला. इतकी वर्षं त्या दर खेपेला तेच मागत आल्या होत्या. वन्संनी चष्मा वर सरकवून आकडा बघितला, बरोबर आहे म्हणाल्या, तिकिटं स्वतः चिकटवली, कोपरे अंगठ्यानं दाबले. पावती घेऊन तिची घडी घातली. मग बाजूला झाल्या आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, या, तुमचा नंबर.